मेंढी चढली पाहिजे

खाणीच्या काठावर उभे राहून ते कोणाशीही कामाचे बोलत नसत. आधी खाली उतरत, तळाशी बसण्याजोगा दगड शोधत, त्यावर बूड टेकवून छत्री उघडत आणि मग वर उभ्या असलेल्या माणसाला हाक मारत, "या खाली. वरनं ऐकू येत न्हाय." ऐकू त्यांना उत्तम येत असे. कचेरीत दोन टेबले पलीकडे कोणी दबक्या आवाजात त्यांची नक्कल केली तरी ते मान न वळवता म्हणत, "आवाज जरा जाड काढा, माझा एवढा किनरा नाही."

तहसील कचेरीत गौण खनिजाचे टेबल त्यांच्याकडे होते. मुरूम, खडी, दगड काढण्याचे परवाने तपासायचे, किती माल काढला ते पाहायचे आणि काम संपल्यावर ठेकेदाराने जमीन अटींप्रमाणे पूर्ववत केली आहे, उतार योग्य आहे, असा शेरा द्यायचा, हे त्यांचे काम. त्या शेऱ्याशिवाय ठेकेदाराची अनामत सुटत नसे. नोकरीची बहुतेक वर्षे बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत गेली. नव्वदच्या दशकात या भागात रस्ते रुंद होत होते, कारखान्याकडे जाणारे ऊस वाहतुकीचे रस्ते नव्याने भरले जात होते, आणि प्रत्येक रस्त्यामागे कुठेतरी एक टेकाड कमी होत होते. लोक त्यांना खड्डेसाहेब म्हणत. हे त्यांना माहीत होते. एकदा कचेरीतला फोन उचलून ते सवयीने "खड्डेसाहेब बोलतोय" म्हणाले. पलीकडे प्रांतसाहेब होते. कचेरीतल्या शिपायाने हा किस्सा मला निदान चार वेळा सांगितला असेल, आणि प्रत्येक वेळी प्रांतसाहेबांचे उत्तर वेगळे होते.

काठावर ते कचेरीतली भाषा बोलत. "सदर ठिकाणी", "नमूद केल्याप्रमाणे", "आवश्यक ती कार्यवाही". खाली उतरले की कोऱ्हाळे बुद्रुकची भाषा सुरू होई. ते मूळचे तिथले. घरचा ऊस होता, भाऊ बघत. हा बदल ते मुद्दाम करत होते की आपोआप होत होता, हे कोणालाच नीट सांगता आले नाही. ठेकेदार मात्र त्याचा अर्थ शिकले होते. साहेब वर आहेत तोवर आशा आहे, खाली गेले की संपले.

माझी त्यांची पहिली भेट भवानीनगरजवळच्या एका मुरमाच्या खाणीवर झाली. मी बारामतीत एका दैनिकाचा वार्ताहर होतो. खाण परवान्यापेक्षा खोल गेल्याची तक्रार होती. काठावर उभा राहून मी ठेकेदाराचे म्हणणे घेतले, तक्रारदाराचे घेतले आणि वही मिटली. तळातून छत्री हलली.

"पत्रकार, खाली उतरला होता का?"

"नाही. दोन्ही बाजू घेतल्या आहेत."

"बाजू दोन न्हाय, चार हायत. आन् एक तळ. या."

उतरलो. तळाशी एका बाजूला पाणी पाझरत होते आणि त्या पाझरात शेजारच्या विहिरीच्या मालकाचा जुना पाइप उघडा पडला होता. तक्रारीतही नसलेली ती गोष्ट दुसऱ्या दिवशी बातमीची पहिली ओळ झाली. पुढे त्यांची गाठ पडली की नमस्काराच्या जागी हाच प्रश्न असे : खाली उतरला होता का? बाजार समितीची बातमी असो, शाळेच्या इमारतीची असो. वीसेक वर्षे मी बातम्या लिहिल्या. पाठवण्यापूर्वी हा प्रश्न मनात विचारायची सवय मोडली नाही, आणि तिचे माझ्यावर जे उपकार आहेत ते कोणत्याही संपादकाचे नाहीत.

दुपारचा डबा ते खाणीच्या तळाशीच खात. भाकरी, ठेचा, असेल तर कांदा. ठेकेदाराचा चहा घेत नसत, पण त्याच्या ट्रकवाल्यांना मात्र डब्यातली अर्धी भाकरी मोडून देत. खाण हा शब्द त्यांना आवडत नसे. "उसनी नेलेली जमीन म्हणा. परत करायची असती." वरच्या थराची माती आधी काढून बाजूला ढीग लावून ठेवायची, ही परवान्यातली अट. बहुतेक ठिकाणी तो ढीग वाऱ्याने, पावसाने आणि शेजाऱ्यांनी मिळून संपवलेला असे. म्हणून ते ढिगावर हुलगा पेरायला लावत. हुलग्याला फार काही लागत नाही, मुळे माती धरून ठेवतात, आणि उभ्या पिकात कोणी टोपले घेऊन माती न्यायला शिरत नाही. रस्त्याचा ठेका घेतलेल्या माणसाला "हुलगा पेरा" असे सांगणारा अधिकारी विक्षिप्त ठरला यात नवल नव्हते.

पण त्यांचे नाव झाले ते मेंढीमुळे.

काम संपल्यावर खाणीच्या उभ्या कडा तासून उतार द्यावा लागतो. उतार किती असावा हे कागदावर आकड्यात होते. त्यांचा त्या आकड्यावर विश्वास होता, मोजणाऱ्यांवर नव्हता. टेप कुठून धरायचा, पायथा कुठला मानायचा, यावर ठेकेदाराचा अभियंता अर्धा दिवस वाद घाले. शेवटी त्यांनी टेप बाजूला ठेवला आणि मेंढी मागवली. मेंढी तळातून आपल्या पायाने वर आली तर उतार योग्य. नाही आली तर पुन्हा तासा.

"मापाशी वाद घालता येतोय," ते म्हणत, "मेंढीशी घालून दाखवा."

या परीक्षेचे नियम त्यांनी स्वतः ठरवले होते आणि ते फार कडक होते. मेंढी गावातली हवी. तिचे पोट भरलेले हवे, कारण उपाशी मेंढी पाल्यासाठी कुठेही चढते. दोरी लावायची नाही, मागून ढकलायचे नाही, वरून चारा दाखवायचा नाही. हाक मारायला हरकत नव्हती. "हाकंनं आली तर आपल्या मनानं आली."

आता निरवांगीकडे, माझ्या गावाकडे, वळायला हवे. ती हकिकत मी त्या वेळी छापली नाही, कारण बातमीतली जमीन आमची होती. स्वतःच्या घरची बातमी वार्ताहराने देऊ नये, हा संकेत मी पाळला. आता ना ते दैनिक आहे, ना तो ठेका.

आमचे घराणे मेंढरांचे. आजोबांच्या काळात कळप होता, कोकणात उतरणे होते. वडिलांनी कळप मोडला आणि शेती धरली, तरी दारात चार-पाच मेंढ्या कायम असत. गाव त्यांना तात्या म्हणे, मीही. शेत होते ते टेकाडावर. कालव्याचा फाटा त्याच्या पायथ्यावरून जाई. पाणी दिसे, पण वर चढत नसे. तात्यांनी सारा जन्म त्या पाण्याकडे वरून पाहत काढला होता. त्यामुळे रस्त्याच्या ठेकेदाराने टेकाडाचा मुरूम मागितला तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला. हिशेब सरळ होता. मुरूम गेला की टेकाड खाली येईल, ठेवलेली माती परत पसरली की फाट्याचे पाणी आपोआप शेतात वाहील. पण हे सगळे शेवटच्या कामावर अवलंबून होते. माती पसरली नाही तर खाली नुसता खडक. आणि वरच्या अंगाचा कडा तासला नाही तर पहिल्या मोठ्या पावसात तो ढासळून शेत गाडणार, शिवाय शेजाऱ्याचे रान घेऊन येणार. म्हणजे कोरडवाहू का होईना, जे होते तेही जाणार.

ठेकेदार बाहेरचा होता. सफारी घालणारा, बोलायला मऊ. माणूस वाईट नव्हता. त्याला पुढचे काम मिळाले होते आणि डोझर तिकडे न्यायचा होता. कडा त्याने अर्धवट तासला आणि तपासणी मागितली.

साहेब आले, उतरले, दगडावर बसले. ठेकेदाराच्या माणसाने टेम्पोतून एक काळे जनावर उतरवले, खाली आणून सोडले. ते जनावर क्षणभरही न थांबता कड्याची अवघड बाजू निवडून टणाटण उड्या मारत वर गेले आणि काठावर उभ्या ट्रकच्या बॉनेटवर जाऊन उभे राहिले.

"चढली, साहेब," ठेकेदार म्हणाला.

साहेबांनी छत्री मिटली. "तात्या, ही काय हाय?"

"शेळी हाय."

"मेंढीच आहे ती," ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "लोकर कातरलीय परवा."

"आरं, शेपूट बघ की तिचं!" तात्या म्हणाले. "वर उभं हाय. मेंढीचं शेपूट खाली पडतंय. का त्ये बी कातरलं व्हय परवा?"

डोझरवाला आसनावरून पडायचा राहिला. शेळी बॉनेटवरून खाली उतरेना. तिला उतरवण्यात बराच वेळ गेला आणि त्या वेळात साहेबांनी शांतपणे डबा उघडला. ठेकेदारही शेवटी हसला. "साहेब, शहरातला माणूस आहे मी. मला चार पायांचं सगळं सारखंच."

"तुमाला सारखं असंल," साहेब म्हणाले. "पण शेळी चढली म्हणजे उतार चांगला, असं न्हाय. शेळी भिंतीवर बी चढती. पुन्हा तासा."

ठेकेदाराने पुन्हा तासले नाही. त्याला शिपायाकडून कळले होते की साहेब त्या महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत. त्याने डोझर उभा ठेवला आणि दिवस काढले. हा हिशेबही सरळ होता. नवीन अधिकारी येईल, तरुण असेल, मेंढी वगैरे त्याला ठाऊक नसेल, तो काठावरून पाहील आणि सही करील.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीत दुपारी निरोप समारंभ होता. शाल, नारळ, पेढे आणून ठेवलेले. साहेब सकाळीच मोपेडवरून निरवांगीत हजर. त्यांनी स्वतः तपासणी लावली होती. मी त्या दिवशी घरी होतो. तात्यांनी दारातली थोरली मेंढी आणली. पोट भरलेली. तिला तळाशी सोडून तात्या वर आले आणि जिभेने टाळूवर तिच्या ओळखीची हाक दिली. मेंढी निघाली. आडवी आडवी चालत निम्म्या उतारापर्यंत आली. तिथून पुढे कडा उभा होता आणि मुरूम सुटा. तिने पाय टाकला, घसरला, मागे घेतला. पुन्हा टाकला. मग मान वर करून तात्यांकडे पाहून ओरडली आणि तिथेच उभी राहिली.

ठेकेदार खाली उतरून साहेबांजवळ गेला. स्वतः उतरण्याची त्याची ती पहिलीच वेळ असावी. "साहेब, आज तुमचा शेवटचा दिवस. गोड करा. नाहीतरी उद्या दुसरे साहेब सही करणारच आहेत."

"करतील."

"मग तुम्हीच केली तर काय बिघडलं? सही द्या, मी माती आजच पसरायला घेतो. नाही दिली तर मशीन उद्या उचलतो. माती पडेल तशी पडेल. मग तुमच्या तात्यांनी बघावं."

हे वर ऐकू आले. तात्या झपाझप खाली उतरले. मी त्यांना इतक्या घाईत उतरताना पाहिले नव्हते.

"साहेब, ऱ्हाऊ द्या. हाय तेवढं घेऊ. समदंच जाण्यापरीस निम्मं बरं. कडा मी खोऱ्यानं तासीन."

"कधी? पावसाच्या आधी?"

तात्यांनी पायाने सुटा मुरूम बाजूला सारला.

"तात्या, मेंढी तुमची हाय. ती काय म्हणती त्ये सांगा, म्या लिवतो."

मेंढी अजून निम्म्या उतारावर उभी होती आणि ओरडत होती. तात्यांनी तिच्याकडे पाहिले. साहेबांकडे पाहिले नाही. "न्हाय म्हणती," ते म्हणाले.

साहेबांनी मांडीवर फाइल घेऊन शेरा लिहिला. तीन शब्द : मेंढी चढली नाही. खाली सही, तारीख. मग तात्यांसोबत जाऊन मेंढीला खाली घेतले आणि डाव्या अंगाच्या ट्रकवाटेने वर आणले. काठावर आल्यावर ठेकेदाराला म्हणाले, "सदर बाब पुढील अधिकाऱ्यांच्या निदर्शनास आणून देण्यात येईल." आणि मोपेडला किक मारली. निरोप समारंभाला ते उशिरा पोहोचले. शिपायाच्या सांगण्यानुसार त्यांच्या विजारीच्या मुरमाने सत्काराची खुर्ची लाल झाली.

आमच्या घरी त्या रात्री फारसे कोणी जेवले नाही. हट्टी माणूस आहे, असे आई म्हणाली. मी तिला विरोध केला नाही. तात्या एवढेच म्हणाले, "त्यांनी लिवलं त्ये खरं हाय."

डोझर दुसऱ्या दिवशी गेला.

नवे अधिकारी रुजू झाले. ठेकेदाराच्या अंदाजाप्रमाणेच तरुण, इस्त्रीच्या शर्टाचे, मेंढी-शेळीशी संबंध नसलेले. ठेकेदार पेढे घेऊन गेला. मी त्या दिवशी कचेरीत दुसऱ्या बातमीसाठी होतो, त्यामुळे पुढचे कानांनी ऐकले आहे.

नव्या साहेबांनी फाइल वाचली. पुन्हा वाचली. "हे काय लिहिलंय?"

"गंमत आहे, साहेब. आधीचे साहेब जरा विनोदी होते. सगळ्या तालुक्याला माहीत आहे."

"असतील. पण हा शेरा आहे. सहीनिशी. 'मेंढी चढली नाही' असं वर असताना त्याच्याखाली मी 'उतार योग्य आहे' कसं लिहू? उद्या लेखापरीक्षणात विचारलं, मेंढीचं पुढे काय झालं, तर काय सांगू?"

"साहेब, कोण विचारतंय मेंढीचं?"

"आजवर कोणी लिहिलंच नव्हतं, म्हणून विचारलं नाही. आता लिहिलंय." त्यांनी फाइल मिटली. "मेंढी चढली, असा शेरा आल्याशिवाय मला काही करता येणार नाही."

शिपाई दाराबाहेर तोंडावर टॉवेल धरून उभा होता. जुन्या साहेबांनी हा परिणाम आधीच ओळखला होता का, हे मी पुढे त्यांना विचारले. ते म्हणाले, "कचेरीत मी उभा जन्म काढलाय." एवढेच.

डोझर परत आला. या वेळी डोझरवाल्याने तात्यांनाच विचारले, मेंढी कशी चालते. तात्यांनी खडूसारख्या पांढऱ्या दगडाने कड्यावर तिरकी रेघ मारून दाखवली. कडा तिरका उतरवला गेला. नवे साहेब आले आणि काठावर उभे राहिले. तात्या तळाशी मेंढीजवळ बसले होते.

"सुरू करा," साहेब वरून म्हणाले.

"तुमी खाली आल्याबिगर मेंढी सुटत न्हाय," तात्या म्हणाले. असा नियम कुठेच नव्हता. साहेब बूट सांभाळत उतरले. मेंढी आडवी निघाली, वळली, परत आडवी, आणि वर जाऊन हुलग्याच्या ढिगात तोंड घालून उभी राहिली. साहेबांनी शेरा लिहिला : मेंढी चढली. मग पाच ओळींचा खुलासा जोडला.

माती पसरली गेली. कोकणातून परतणाऱ्या भाऊबंदांचा कळप तात्यांनी त्या रानात बसवला. मेंढरे रात्री शेतात बसवायची, त्यांच्या लेंड्या-मुताचे खत मिळते, ही आमच्याकडची जुनी रीत. कळपाच्या खुरांनी मोकळी माती दाबली गेली आणि उतारावर आपली वाट पाडली. पहिल्या साली ज्वारी बेताची आली. दुसऱ्या साली फाट्याचे दार उघडल्यावर पाणी आपल्या पायाने शेतात शिरले. तात्या त्याच्या पुढे पुढे चालत गेले, वाट दाखवावी तसे. त्यानंतरची त्यांची सगळी वर्षे त्या शेतात गेली आणि ती चांगली गेली.

जुने साहेब एकदाच पाहायला आले. निवृत्तीला काही वर्षे होऊन गेली होती. एसटीने आले, छत्री तीच, विजारीच्या जागी धोतर, आणि गुडघे दुखत होते. काठावर थांबून म्हणाले, "पीकपरिस्थिती समाधानकारक दिसते." तात्या म्हणाले, "वरनं काय दिसतंय?" तेव्हा हसले आणि उतरले. तळाशी आता बसायला दगड नव्हता. बांधावर बसून त्यांनी डबा उघडला, आईने पाठवलेले हुलग्याचे माडगे प्याले, ओल्या मातीत हात घालून पाहिला. बराच वेळ बसले. शेताविषयी काही बोलले नाहीत. तात्याही आभार वगैरे मानण्याच्या भानगडीत पडले नाहीत. दोघे उसाच्या तोडीविषयी बोलले.

निघताना उताराशी येऊन साहेबांनी वर पाहिले. मेंढरांनी पाडलेली तिरकी वाट अजून होती. मी हात पुढे केला.

"दोरी लावायची न्हाय," ते म्हणाले.

तात्या आधीच वर पोहोचले होते. साहेब आडवे आडवे निघाले. निम्म्यावर थांबले, जिथे पूर्वी मेंढी थांबली होती त्याच सुमाराला. गुडघ्यावर हात ठेवून श्वास घेतला. मी मागे होतो, पण हात लावला नाही. वरून तात्यांनी जिभेने टाळूवर ती हाक दिली. साहेबांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिले, एक अस्सल कोऱ्हाळ्याची शिवी दिली आणि चढायला लागले.

काठावर आल्यावर त्यांनी धोतराला लागलेली माती झटकली, छत्री सरळ केली आणि दम पुरेसा परत येईपर्यंत थांबले.

"उतार योग्य आहे," ते म्हणाले.